आधी उत्तर, मग नोंद

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे, म्हणजेच ‘कॅश’, शोधण्याचा खेळ. त्यातल्या नेहमीच्या डब्यात कागदाची एक सुरळी असते. डबा शोधणारा त्यावर आपले टोपणनाव आणि तारीख लिहितो, डबा होता तिथेच लपवतो आणि नंतर ॲपवर ‘सापडली’ अशी नोंद करतो. सुरळीवरची सही हाच पुरावा. काही कॅशमध्ये मात्र डबाच नसतो. ठरलेल्या अक्षांश-रेखांशावर पोहोचायचे, समोर जे आहे ते पाहायचे आणि कॅशच्या पानावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कॅशच्या मालकाला पाठवायची, एवढेच. इथे सहीची जागा उत्तर घेते, आणि शिष्टाचाराचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी एक बादली अर्धी पुरून ठेवली आणि हा खेळ सुरू झाला. पण अनेक राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित जागांत वस्तू ठेवायला मनाई असते. तिथे बिनडब्याच्या ‘व्हर्च्युअल’ कॅश आल्या. त्यांतले प्रश्न बरेचदा फलकावरचे साल किंवा पुतळ्याच्या हातातली वस्तू असे असत, आणि ती उत्तरे घरबसल्या मिळू लागली. २००५ मध्ये नव्या व्हर्च्युअल कॅश घेणे बंद झाले. २०१७ मध्ये निवडक खेळाडूंना सुमारे ४,००० नव्या कॅश करण्याची मुभा देण्यात आली, तरी हा प्रकार सर्वांसाठी काही पुन्हा खुला झाला नाही.

सर्वांसाठी खुला राहिला तो ‘अर्थकॅश’. पहिली अर्थकॅश जानेवारी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधील वास्प हेड या समुद्रकाठच्या खडकाळ टोकावर झाली. ती गॅरी लुइस यांची. हा उपक्रम जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेशी जोडलेला आहे, म्हणून प्रत्येक अर्थकॅशने भूशास्त्राचा एखादा धडा दिला पाहिजे. धड्याची भाषा १४ वर्षांच्या मुलाला कळेल अशी असावी आणि प्रश्न त्या जागी उभे राहून सुटणारे असावेत, असे नियम सांगतात. नुसते फलकावरचे आकडे विचारलेले चालत नाहीत. खडकाचा तुकडा फोडून आणायला लावणे तर दूरच.

उत्तर देण्याची रीत ठरली ती या अटींवरूनच. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवेसारखी जागा घ्या. तिथे बेसाल्टचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले आणि खांब सुटे झाले. ज्यांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल पायथ्याशी उभे राहून पाहिला आहे त्यांना हे खांब अनोळखी वाटणार नाहीत. अशा जागी प्रश्न साधे असतात: एक खांब निवडा, त्याच्या बाजू मोजा, रुंदी वितीने मापा, माथा खोलगट आहे की फुगीर ते सांगा, आणि असे का झाले असावे याचा अंदाज करा. ‘पाच बाजू. दीड वीत. माथा खोलगट, त्यात पावसाचे पाणी साचले होते. शेजारच्याचा फुगीर होता, म्हणजे बहुधा वरचा तुकडा यातून निखळला असावा.’ हे चार ओळींचे उत्तर वाचताच मालकाला कळते की माणूस तिथे वाकून बसला होता. याउलट ‘सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थंड होताना आकुंचन होऊन षटकोनी स्तंभ तयार झाले’ हे वाक्य शास्त्र म्हणून निर्दोष असले तरी उत्तर म्हणून कुचकामी आहे. ते कॅशच्याच पानावरून जसेच्या तसे उतरवलेले असते. शिवाय खांब चार, पाच, सात, आठ बाजूंचेही असतात, आणि न पाहता लिहिणारा सहसा ‘सहा’ म्हणूनच मोकळा होतो.

उत्तरे पाठवण्याची पद्धत ठरलेली आहे. ती ॲपच्या संदेश-सुविधेतून किंवा मालकाच्या प्रोफाइलवरून ईमेलने जातात. संदेशात कॅशचे नाव आणि ‘जीसी’ने सुरू होणारा तिचा क्रमांक लिहावा, कारण एकाच मालकाच्या अनेक कॅश असतात आणि नुसते ‘१) पाच २) खोलगट’ कशाचे हे त्याला उमगत नाही. उत्तरे नोंदीच्या आधी किंवा निदान लगोलग जावीत. ‘घरी पोहोचल्यावर पाठवतो’ असे लिहून केलेल्या नोंदींची उत्तरे पुष्कळदा येतच नाहीत. मात्र उत्तरे पाठवल्यावर मालकाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याने मौन पाळले म्हणजे नकार दिला असे होत नाही.

चौघे मिळून गेले असतील तर प्रत्येकाने वेगळी उत्तरे पाठवावीत की एकाने सर्वांच्या वतीने, हे सहसा पानावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर एकाच संदेशात चारही टोपणनावे द्यावीत आणि उरलेल्या तिघांनी आपल्या नोंदीत ‘उत्तरे अमक्याने पाठवली आहेत’ असे लिहावे. गटातल्या मुलांना मोजायला लावणे उत्तमच. प्रश्न १४ वर्षांच्या मुलासाठीच तर बेतलेले असतात.

नोंदीत उत्तर लिहायचे नाही, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि तरी सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच, विशेषतः छायाचित्रांतून. मोजपट्टी लावलेल्या खांबाचा फोटो म्हणजे उघडे उत्तर. कॅशच्या पानावरील सूचना रोमन अक्षरे १३ घरे सरकवून लिहिलेली असते, पण ती नकळत वाचली जाऊ नये एवढ्यापुरतीच. एका टिचकीत ती उलगडते, म्हणून नोंदीतले उत्तर तसे लिहूनही लपत नाही. २०१९ पासून मालक अर्थकॅशसाठी फोटो मागू शकतो, मात्र चेहरा दाखवण्याची सक्ती करू शकत नाही. हात, जीपीएस यंत्र किंवा टोपणनाव लिहिलेला कागद दिसला तरी पुरे. नोंदीत लिहिण्यासारखे बाकी पुष्कळ असते: वाट कशी होती, भरती होती का, काय अनपेक्षित दिसले. प्रत्येक नोंद मालकाकडे ईमेलने पोहोचते. वीस कॅशवर चिकटवलेले तेच आभाराचे वाक्य त्याला वीस वेळा वाचायला लावणे उद्धटपणाच म्हटला पाहिजे.

मालकाचीही काही बंधने आहेत, त्यांची चर्चा मात्र कमी होते. उत्तरे आली नाहीत म्हणून नोंद तडकाफडकी पुसू नये. आधी विचारावे, काही दिवस थांबावे, मग पुसावी. उत्तर चुकले तर त्याहून नरमाई हवी. फुगीर माथ्याचे कारण चुकवणारा माणूस माथा पाहून आलेला असतो. त्याला दोन ओळींत खरे कारण कळवणे हेच मालकाचे काम. भूशास्त्राची पदवी असल्याखेरीज सुटणार नाही असा प्रश्न घालून नोंदी पुसत बसणारा मालक १४ वर्षांच्या वाचकाची अट स्वतःच मोडत असतो. दाद मागायची झाली तर खेळाचे संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीच्या सिएटलमधील मुख्यालयाकडे मागता येते, पण बहुतेक वाद एका सभ्य संदेशाने मिटतात. घरबसल्या केलेल्या नोंदींना मात्र ही सवलत लागू नाही. जाग्यावर न जाता दिलेली उत्तरे बरोबर असली तरी ती नोंद पुसणे योग्यच. जागा बंद असेल किंवा भरतीमुळे खडक पाण्याखाली असेल, तर ‘सापडली’ ऐवजी साधे टिपण करावे आणि जे दिसले ते मालकाला कळवावे.

कधी मालक खेळ सोडून जातो आणि उत्तरे बंद पेटीत पडत राहतात. तरीही ती पाठवायची आणि नोंद करायची. अर्थकॅश दुसऱ्याला दत्तक देता येते. जुन्या व्हर्च्युअल कॅशला ती सोय नाही. दत्तक घेणाऱ्याने आधी स्वतः जाऊन प्रत्येक प्रश्न तपासावा, कारण दरड कोसळलेली असू शकते, कुंपण आलेले असू शकते, आणि पूर्वीच्या मालकाची उत्तरसूची कॅशबरोबर येतेच असे नाही.