हर्रासाचा अखेरचा क्षण

दक्षिणेच्या शिवेवरून पैनगंगा आणि पूर्वेच्या शिवेवरून वर्धा वाहत असल्यामुळे यवतमाळ जिल्ह्याला रेतीचे मोठे भांडार निसर्गतःच लाभलेले आहे. आणि पावसाळा ओसरून पात्रे उघडी पडू लागली म्हणजे उमरखेडपासून वणीपर्यंतच्या रेतीघाटांच्या हर्रासाची चर्चा महसूल कचेऱ्यांत, ठेकेदारांच्या बैठकींत आणि ग्रामसभांत सुरू होते. हा हर्रास आता संगणकावर होतो. अगदी शेवटच्या घटकेला बोली टाकून घाट पदरात पाडून घेण्याच्या ज्या कसबाची ठेकेदारांत वाखाणणी होते, त्याचे स्वरूप जवळून पाहावे या हेतूने, एका मक्तेदाराच्या संमतीने, हर्रास चालू असताना मी त्याच्या यवतमाळच्या कार्यालयात बसून राहिलो. जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले की, अखेरच्या क्षणाला जे सामर्थ्य येते ते बोली लावणाऱ्याच्या चातुर्याहून अधिक, हर्रास कसा संपावा हे ठरविणाऱ्या नियमाने त्याला दिलेले असते.

कचेरीच्या दालनात हर्रास होई त्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. अधिकाऱ्याने घाटाचे नाव आणि हातची किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, वाचून दाखवावी, जमलेल्यांनी बोली चढवीत न्यावी, आणि कोणी पुढे बोलेनासे झाले म्हणजे ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असा पुकारा होऊन मक्ता कायम व्हावा, अशी ती रीत होती. दोन वार झाल्यावर जरी कोणी आवाज दिला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्यामुळे वेळ हे तेथे कोणाचेच शस्त्र नव्हते. त्या रीतीचा दोष निराळाच होता. प्रत्येक बोलीदार दुसऱ्याच्या दृष्टीसमोर असे; त्यामुळे कोण किती ताणील याचा अंदाज चेहऱ्यांवरून बांधता येई, आपसांत आधीच संगनमत करणे सोपे जाई, आणि गावच्या बलदंड असामीविरुद्ध आवाज चढविण्यास लहान माणूस सहसा धजत नसे.

संगणकाने हे चेहरे झाकले. अनामत रक्कम भरलेला आणि डिजिटल स्वाक्षरी जोडलेला बोलीदार पडद्यावर पाहतो ते एवढेच: घाटाचे नाव, ब्रासमध्ये रेतीचे परिमाण, हातची किंमत, बोली वाढविण्याचा किमान टप्पा, त्या घटकेची उच्चतम बोली आणि उरलेला वेळ. समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. भिंतीवरच्या घड्याळालाही येथे किंमत नसते. सरकारच्या सर्व्हरवरचे घड्याळ तेवढे खरे, आणि बोलीचे बटण दाबल्यानंतर ती तेथवर पोहोचावयास जो अवकाश लागतो तोही आपल्याच मुदतीतून वजा होतो. म्हणून मक्तेदाराशेजारी बसलेला तरुण ऑपरेटर आकडा आधीच टंकून ठेवी, त्यातील शून्ये बोटाने मोजी, अक्षरी रकमेशी ताडून पाही, आणि मग माऊसवर हात ठेवून वाट पाही. “काका, टाकू काय?” असे त्याने विचारले असता मक्तेदार म्हणाला, “थांब. घाटाचं जेवढं मोल हाये तेवढंच टाकाचं, घड्याळ पाहून नाही.” हर्रासाची बहुतेक मुदत अशी संपूर्ण स्तब्धतेत गेली. उच्चतम बोलीचा आकडा हातच्या किमतीच्या आसपास रेंगाळत होता, आणि अनेकजण ताटकळत बसले असावेत हे त्या न हलणाऱ्या आकड्यावरूनच जाणवत होते.

ही स्तब्धता केवळ कावेबाजपणा होय असे समजणे अन्यायाचे ठरेल. या मक्तेदाराने घाट स्वतः तुडविला होता. ठिकठिकाणी खणून रेतीचा थर किती खोल आहे, तिच्यात मातीचा अंश किती, ट्रॅक्टर पात्रापर्यंत उतरण्यास वाट आहे की नाही, याची खातरजमा केली होती. असा जाणकार आरंभीच मोठी बोली लावू लागला तर त्या घाटात माल आहे ही वार्ता तो फुकट वाटून बसतो, आणि ज्याने नदीकाठी पाऊलही टाकले नाही तो मनुष्य त्याच्या बोलीवर किमान टप्पा चढवून त्याच्या श्रमांचे फळ घेऊन जातो. मौन राखणे हे अशा वेळी स्वकष्टार्जित ज्ञानाचे रक्षण असते.

मनुष्यस्वभावाचा हा धर्म पुरातन आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लहानसा तुकडा पेटवून लिलाव होत असत, आणि ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची त्याचा माल ठरे. आरमाराची जुनी गलबते अशा रीतीने विकली जात असताना सॅम्युअल पेप्स या अधिकाऱ्याने १६६२ साली आपल्या रोजनिशीत नोंद केली की, एक चतुर गृहस्थ दर वेळी नेमका शेवटी बोलतो. विचारता त्याने सांगितले की ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो, त्यावरून ती घटका ओळखता येते. पुढे १९९५ साली स्थापन झालेल्या ईबे या कंपनीने लिलावाची मुदत ठरल्या सेकंदाला संपविण्याचा नियम ठेवला आणि हीच कला संगणकावर अवतरली. ॲमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांत मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढे. या दोहोंची तुलना करणारा आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा प्रबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की अखेरच्या घटकेच्या बोली ईबेवर कितीतरी अधिक पडत, आणि तेथील अनुभवी गिऱ्हाइके नवख्यांहून उशिरा बोलत. शिवाय जेथे पारख लागते त्या प्राचीन वस्तूंच्या लिलावांत ही प्रवृत्ती संगणकांच्या लिलावांहून प्रबळ असे. ज्याचे मोल जाणकारालाच कळते तेथे जाणकार गप्प राहतो, हा निष्कर्ष आपल्या रेतीघाटालाही तंतोतंत लागू पडतो.

आमच्याकडील ई-लिलावांच्या अटींत सामान्यतः मुदतवाढीचे कलम असते: अखेरच्या ठरावीक मिनिटांत नवी बोली आली की तेवढ्या प्रमाणात मुदत पुढे सरकते. मी पाहत असलेल्या हर्रासात मुदत सरत आली तशी प्रथम एक बोली पडली, लागलीच दुसरी, आणि उरलेल्या वेळाचा आकडा शून्याकडे जाता जाता पुन्हा वर चढला. मग तोच क्रम पुनःपुन्हा घडू लागला. ज्यांनी शेवटच्या सेकंदाचा हिशेब केला होता त्यांचा सेकंद शेवटचा उरला नाही. आणि ज्याच्या गावी इंटरनेट रडतखडत चालते त्यालाही उत्तर देण्यास उसंत मिळाली. ‘तीन वार’ मोजण्याची जुनी न्यायबुद्धी या कलमाने संगणकात पुन्हा स्थापित केली आहे, आणि सरकारी खजिन्याच्या दृष्टीनेही ते इष्टच आहे.

तथापि त्यात एक धोकाही आहे. मुदत वाढत गेली की ईर्षा वाढते, आणि प्रत्येक टप्पा लहान असल्यामुळे एवढ्याने काय होते असे म्हणत मनुष्य घाटाच्या मोलापलीकडे निघून जातो. घरातील वस्तू महाग पडली तर तोटा घेणाऱ्यालाच सोसावा लागतो. घाट महाग पडला तर तो तोटा नदीकडून वसूल करण्याचा मोह होतो. मंजूर परिमाणाहून अधिक उपसा, रात्रीची वाहतूक, खरवडलेले पात्र आणि काठच्या विहिरींची खालावलेली पातळी हे त्या मोहाचे परिणाम होत, आणि ते भोगावे लागतात लिलावात भाग न घेतलेल्या गावकऱ्यांना. २०२३ साली राज्याने लिलावाऐवजी सरकारी डेपोंतून ब्रासला ६०० रुपये दराने रेती देण्याचे धोरण आणले आणि २०२५ साली ते सोडून पुन्हा लिलावाकडे वळणे पत्करले, यावरूनही हा प्रश्न केवळ किमतीचा नाही हे ध्यानात येते.

माझ्या मक्तेदाराने घाटाची आपली कमाल किंमत आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवली होती. बोली तिच्यापलीकडे जाताच त्याने ऑपरेटरला संगणक बंद करावयास सांगितले आणि तो घाट दुसऱ्याकडे गेला. जेथे मुदत वाढू शकते तेथे याहून श्रेष्ठ डावपेच मला संभवत नाही. सरकारनेही इतकीच शिस्त स्वतःस लावून घ्यावी: बोलीदारांची नावे झाकलेली राहोत, मुदतवाढीचे कलम कायम राहो, आणि ज्या दक्षतेने हर्रासाची मिनिटे मोजली जातात त्याच दक्षतेने मक्ता दिल्यानंतर घाटातून निघणारे ब्रासही मोजले जावोत. नदीच्या बाजूने बोली लावणारा हर्रासात कोणीही नसतो. ती जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आणि काठावरच्या ग्रामसभांची आहे.