कुठूनही निघा, दोनवर या

कोणताही आकडा मनात धरा. समजा, २७. तो इंग्रजीत लिहा आणि अक्षरं मोजा. ट्वेंटीची सहा, सेव्हनची पाच, झाली अकरा. आता इलेव्हनची मोजा : सहा. सिक्सची तीन. थ्रीची पाच. फाइव्हची चार. आणि फोरची? एफ, ओ, यू, आर, म्हणजे चारच! इथे गाडी रुतली ती रुतलीच. २७ ऐवजी लाख घ्या, कोटी घ्या, नाहीतर आपल्या फ्लॅटची किंमत घ्या, इंग्रजीतला प्रत्येक आकडा शेवटी चारच्या दारात येऊन उभा राहतो. कारण जेवढा आकडा तेवढीच अक्षरं, असं इंग्रजीत फक्त चारच्याच नशिबी आहे.

हाच खेळ दुसऱ्या भाषांत खेळला की प्रत्येक भाषेचा स्वभाव दिसायला लागतो.

जर्मन मंडळी इंग्रजांसारखीच, चारवर थांबणारी. इटालियन थांबतात तीनवर, पण कसे? चारच्या नावात अक्षरं सात, सातच्या नावात पाच, पाचच्या नावात सहा, सहाच्या नावात तीन आणि तीनच्या नावात तीन. एवढा वळसा घालून मुक्कामाला. डेन्मार्क-नॉर्वेत एक सोडून तीन थांबे आहेत : दोनचं नाव दोन अक्षरी, तीनचं तीन अक्षरी, चारचं चार अक्षरी. शिस्त म्हणजे शिस्त. रशियनांचा तीनवरचा थांबा समजण्यासारखा आहे, पण त्यांचा दुसरा थांबा ऐकून दाद द्यावी लागते. रशियन अकरा, म्हणजे ‘ओदीन्नात्सत’, त्यांच्या लिपीत लिहिला की बरोब्बर अकरा अक्षरं भरतात.

फ्रेंचांची मात्र कथाच निराळी. तीनच्या नावात पाच अक्षरं, पाचच्या नावात चार, चारच्या नावात सहा, सहाच्या नावात पुन्हा तीन. झालं, सुरू झाला भोवरा. फ्रेंच आकडा कुठूनही निघो, या चौघांच्या फेऱ्यात सापडतो आणि बाहेर पडत नाही. ज्या भाषेत ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात आणि सत्त्याण्णवला ‘चार विसा दहा सात’, तिच्याकडून सरळ उत्तराची अपेक्षा करणंच चूक. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी नव्वदसाठी वेगळा सुटसुटीत शब्द ठेवला आहे. शहाणी माणसं.)

चिनी भाषेत एक ते दहा प्रत्येक आकड्याला एकच चिन्ह, त्यामुळे अक्षरं मोजण्यात गंमत नाही. तिथे चिन्हातले फटकारे मोजायचे. एकला एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन. इथवर सगळं सालस. पुढे चार लिहायला फटकारे लागतात पाच, आणि पाच लिहायला चार! दोघांनी एकमेकांची टोपी घातल्यासारखं.

आता घरचं बघू

मराठीत एकपासून दहापर्यंत अक्षरं मोजा. एक : दोन. दोन : दोन. तीन : दोन. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा : सगळे दोन-दोन. शून्यसुद्धा दोन अक्षरीच. इतकी समानता आपल्याकडे दुसऱ्या कशात सापडायची नाही. लाख आणि कोटीही दोनच अक्षरांचे. पैशाने मोठे, नावाने तेवढेच.

यामुळे मराठीत हा खेळ फार लवकर आटपतो. मराठीत एका अक्षराचा आकडा नाहीच, आणि दोनच्या पुढच्या प्रत्येक आकड्याच्या नावात अक्षरं त्या आकड्यापेक्षा कमीच. म्हणून सगळे घसरत घसरत दोनवर. अठराशे सत्तावन्न : चार अधिक चार, आठ. आठ : दोन. दोन : दोन. बंडाचा निकाल दोन फेऱ्यांत लागला. शंभराच्या आतला आकडा असेल तर दोन फेऱ्यांच्या पलीकडे कधीच जावं लागत नाही.

शेजारी हिंदीत मात्र हेच गणित कोसळतं. तिथे ‘दो’ एका अक्षराचा आणि ‘एक’ दोन अक्षरांचा. दोवरून एकवर, एकवरून दोवर, झोपाळा चालूच. आपल्या ‘दोन’मधला तो शेवटचा ‘न’ नसता तर आपणही झुलत बसलो असतो. गुजरातीची तीच गत, ‘बे’ आणि ‘एक’मध्ये. कानडीत दोन म्हणजे ‘एरडु’, अक्षरं तीन. तीन म्हणजे ‘मूरु’, अक्षरं दोन. झोपाळा तोच, फक्त एक पायरी वर. आणि योगायोग पाहा, हजारो किलोमीटर दूर तुर्कीतही दोनला तीन अक्षरं आणि तीनला दोन. कोकणीत ‘स’ (सहा) आणि ‘धा’ (दहा) एकेका अक्षराचे आहेत, तरी ‘दोन’ भक्कम असल्यामुळे गोंयकारही आपल्याच मुक्कामावर येतात. तेलुगूत ‘रेंडु’, तोही दोन अक्षरी, तोही मुक्काम. आणि एक ते दहा सगळे दोन अक्षरी असण्याचा मान फक्त आपलाच नाही. बंगालीतही तो पहिल्या दहांना मिळालेला आहे.

पण मोजायचं काय?

इथे कुणीतरी हरकत घेणारच की ‘चार’ दोन अक्षरी कसा, त्यात च् आहे, आ आहे, र् आहे आणि शेवटचा अ आहे. हरकत मान्य. मराठी माणसाकडे मोजायच्या निदान चार पट्ट्या आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे.

पहिली पट्टी अक्षरांची. अभंगवाले याच पट्टीने मोजतात. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात एकोणीस अक्षरं, तीही हीच. या पट्टीने मुक्काम दोन, ते पाहिलंच.

दुसरी पट्टी वर्णांची, व्याकरणाच्या तासाला मास्तर शब्द फोडायला लावायचे तशी. च् + आ + र् + अ = चार वर्ण. चारला चार! एक फोडला की ए, क्, अ : तीन. तीन फोडला की त्, ई, न्, अ : चार. आठ आणि नऊ तीन-तीन वर्णांचे, बाकी सगळे चारचे. म्हणजे वर्णांनी मोजलं की मराठीही इंग्रजी आणि जर्मनसारखी चारवर जाऊन थांबते.

तिसरी पट्टी कानाची. आपण ‘चार’ लिहितो, पण शेवटचा अ उच्चारत नाही. ऐकू येतात ते आवाज तीनच : च, आ, र. एकचे आवाज दोन, दोनचे तीन, तीनचे तीन. सहा आणि दहा यांचे चार-चार, आणि चारचे तीन. म्हणजे कानाने मोजलं तर मुक्काम तीन.

हाताने दोन, कानाने तीन, व्याकरणाने चार. एकाच भाषेत, त्याच आकड्यांत, तीन वेगवेगळी उत्तरं आणि तिन्ही बरोबर!

चौथी पट्टी मात्रांची. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. एक : दोन अधिक एक, तीन. दोन : तीन. सहा : एक अधिक दोन, तीन. नऊ : तीन. दहा : तीन. मोजत चला, शून्यापासून दहापर्यंत एकूण एक आकडा तीन मात्रांचा निघतो. लपाछपीत राज्य असलेलं पोर डोळे झाकून ‘एक, दोन, तीन, चार’ एका ठेक्यात म्हणत सुटतं, तो ठेका आकड्यांच्या अंगातच आहे. अकराला ठेका चुकतो (चार मात्रा), आणि पंधराला आणखी एक वाढते.

एकोणांची दादागिरी

शंभराच्या आत सगळ्यात लांब नावं कुणाची? एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणनव्वद. सहा-सहा अक्षरं. पुढच्या दहाला एक कमी, हे सांगण्यात ती खर्च होतात. संस्कृतातल्या ‘एकोन’चं हे देणं. लॅटिनवालेही एकोणिसाला ‘विसाला एक कमी’ म्हणत, एवढंच नाही तर अठरालाही ‘विसाला दोन कमी’ म्हणत. आपण निदान अठराला सोडलं. नव्याण्णवालाही सोडलं, तिथे ‘एकोणशंभर’ होऊ दिलं नाही. क्रिकेटवेडे लोक त्याबद्दल ऋणी असावेत. नव्याण्णववर बाद होणं तसंही पुरेसं जड असतं.

अक्षरं कमी म्हणजे आकडा सोपा, असं मात्र समजू नका. अठ्ठ्याण्णव चारच अक्षरांचा आहे, पण त्यातलं ‘ठ्ठ्या’ एकटंच ठ्, ठ्, य्, आ अशी चार माणसं पोटात घेऊन बसलंय. दुसरीतल्या पोराला विचारा.

दुसरीवरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर रण पेटलं. विनोद झाले, विधिमंडळात टोलेबाजी झाली, आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांना ती पद्धत समजावून सांगत बसावं लागलं. त्या वादात अक्षरं कुणी मोजली नाहीत, म्हणून इथे मोजून टाकू. बावीसची तीन अक्षरं ‘वीस दोन’मध्ये चार होतात, म्हणजे तोटा. एकोणपन्नासची सहा ‘चाळीस नऊ’मध्ये पाच होतात, म्हणजे फायदा. पण पहिले नऊ आकडे दोन अक्षरीच असल्यामुळे नव्या पद्धतीत विशीतले सगळे चार अक्षरी, चाळिशीतले सगळे पाच अक्षरी, साठीतले सगळे पुन्हा चार. एकदम गणवेशातली पलटण. जुन्या पद्धतीत गणवेश नाही. मला विचाराल तर शिकायला नवी बरी, आणि मिरवायला ‘छप्पन्न’, ‘त्रेसष्ट’ हीच पोरं गोड.

चौकोनातली जादू

इंग्रजीच्या वाट्याला एक भारी गोष्ट आहे. ‘इलेव्हन प्लस टू’ यातली अक्षरं उलटीसुलटी केली की ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ होतं. दोन्हींची बेरीज तेरा, आणि दोन्हींत अक्षरंही तेरा. शिवाय फॉर्टी हा एकच इंग्रजी आकडा असा, ज्याची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येतात.

पण कळस केला तो ली सॅलोज या ब्रिटिश इंजिनियरने. जादूचा चौरस आपल्याला माहीत असतो : आडवी, उभी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज तीच. सॅलोजने १९८६ मध्ये असे चौरस मांडले की त्यातल्या आकड्यांच्या जागी त्यांच्या इंग्रजी नावांची अक्षरसंख्या लिहिली तर तोही जादूचा चौरसच होतो. त्याचा प्रसिद्ध चौरस असा : पहिली ओळ ५, २२, १८, दुसरी २८, १५, २, तिसरी १२, ८, २५. बेरीज सगळीकडे ४५. आणि अक्षरांची बेरीज सगळीकडे २१. शिवाय ती अक्षरसंख्या ३ ते ११, एकही न गाळता आणि एकही दोनदा न येता.

मराठीत असा चौरस होतो का? एक ते नऊचा नेहमीचा चौरस घेतला तर नऊही घरांत २ येतो आणि जादू आपोआप होते, पण ती लबाडी झाली. जरा घाम गाळून हा घ्या :

३४ ६८ ३
४ ३५ ६६
६७ २ ३६

कुठूनही बेरीज करा, १०५. आता नावं वाचा : चौतीस, अडुसष्ट, तीन, चार, पस्तीस, सहासष्ट, सदुसष्ट, दोन, छत्तीस. अक्षरं मांडा :

३ ४ २
२ ३ ४
४ २ ३

आडवी, उभी, तिरकी, सगळीकडे नऊ. ‘अडुसष्ट’ म्हणा की ‘अडसष्ट’ म्हणा, पुणेरी की वऱ्हाडी, चौरसाला फरक पडत नाही. सॅलोजसारखी नऊ घरांत नऊ वेगवेगळ्या अक्षरसंख्या मराठीत शंभराच्या आत मिळणं शक्य नाही, कारण आपल्याकडे दोनपासून सहापर्यंत पाचच प्रकार आहेत. हजाराच्या घरात जाऊन कुणी प्रयत्न केला तर हरकत नाही.

अक्षरी रुपये फक्त

चेक लिहिताना ‘अक्षरी रुपये’ ही ओळ आली की इंग्रजीवाल्यांची जागा संपते आणि अक्षरं बारीक बारीक होत कडेला जातात. ४९,९९९ इंग्रजीत लिहा : ३८ अक्षरं. मराठीत ‘एकोणपन्नास हजार नऊशे नव्याण्णव’ : १६. जर्मनांचं तर विचारूच नका. दहा लाखाच्या आतला आकडा ते सलग एका शब्दात लिहितात. ७,७७,७७७ हा त्यांच्याकडे ६५ अक्षरांचा एकच शब्द होतो, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

आणि हो, जाता जाता एक. या वाक्यात बारा अक्षरे आहेत. त्या वाक्यात खरंच तितकी आहेत, मोजून घ्या. बाराच्या जागी दुसरा आकडा घालून ते खरं करून दाखवता येतं का बघा. मला तरी दुसरा कुठलाच बसलेला नाही.