दुवा-एकत्रीकरण

संगणक जालातील दोन स्विचांना जोडणाऱ्या एकाहून अधिक तारा वा प्रकाशीय तंतू एकच दुवा म्हणून वापरण्याची पद्धती. व्यवहारात ती लिंक ॲग्रिगेशन या नावानेच ओळखली जाते. नुसती दुसरी तार जोडल्याने क्षमता वाढत नाही. दोन मार्ग झाले की माहितीच्या चौकटी त्यांतून चक्राकार फिरत राहून जाल ठप्प होऊ शकते. म्हणून स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल त्यांपैकी एक मार्ग बंद ठेवतो. एकत्रीकरणात स्विच दोन्ही द्वारांना एकच द्वार मानतो. त्यामुळे दोन्ही तारा कामी येतात व एक तुटली, तरी दुसरीवरून वाहतूक चालू राहते.

ही कल्पना १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील कल्पना या कंपनीने इथरचॅनल या नावाने आणली. सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव कंपनीस दिलेले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. पुढे २००० मध्ये ८०२.३ एडी हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये त्याचे ८०२.१ एएक्स असे रूपांतर झाले.

जालना येथील पोलाद उद्योगात प्रवर्तन भट्ट्यांचा वापर होतो. अशा कारखान्याच्या आवारात विद्युत् चुंबकीय व्यत्यय न बाधणारे प्रकाशीय तंतू इष्ट ठरतात. वजनकाटा व कार्यालय येथील स्विच दोन तंतुदुव्यांनी जोडावयाचे आहेत, असे समजू. दोन्ही एकाच चरातून नेले, तर फावड्याच्या एका घावाने दोन्ही तुटतात; तेथे आज्ञावलीचा उपयोग नाही.

सिस्को पद्धतीच्या स्विचावर विन्यास-अवस्थेत ‘इंटरफेस रेंज’ या आज्ञेने दोन्ही द्वारे निवडतात, ‘शटडाउन’ने ती बंद करतात व ‘चॅनल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह’ ही आज्ञा देतात. नंतर ‘इंटरफेस पोर्ट-चॅनल १’ येथे ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ देऊन शेवटी द्वारे ‘नो शटडाउन’ने उघडतात. दोन्ही द्वारांचा वेग व व्हीलॅन सारखे असावे लागतात. दूरच्या स्विचावर त्याच दुव्यावरून काम करणाऱ्याने ‘शटडाउन’ दिल्यास त्याचा स्वतःचाच संपर्क तुटतो. तेथे कन्सोलजवळ बसूनच काम करणे श्रेयस्कर.

‘ॲक्टिव्ह’ अवस्थेत एलएसीपी हा प्रोटोकॉल पलीकडील स्विचाशी बोलणी करतो. दोन्ही टोके ‘पॅसिव्ह’ असल्यास कोणीच आरंभ करीत नाही व समूह बनत नाही. ‘ऑन’ अवस्थेत बोलणीच नसतात. एका टोकास ‘ऑन’ व दुसरीकडे साधी द्वारे राहिल्यास चक्र निर्माण होण्याचा धोका असतो. शिवाय मधल्या माध्यम-परिवर्तकापलीकडे तंतू तुटला, तर जवळचे द्वार चालूच दिसते व चौकटी नष्ट होत राहतात. एलएसीपीमध्ये ठरावीक काळ संदेश न आल्यास ते द्वार वगळले जाते. यास्तव ‘ॲक्टिव्ह’ हीच निवड योग्य होय.

‘शो इथरचॅनल समरी’ या आज्ञेच्या उत्तरात द्वारापुढे ‘पी’ हे मोठे अक्षर असल्यास ते समूहात सामील झालेले असते. तथापि १ गिगाबिटच्या दोन दुव्यांनी एखाद्या फाइलीस २ गिगाबिट वेग मिळत नाही. चौकटींचा क्रम बिघडू नये म्हणून स्विच पत्त्यांवरून गणित करून एक संभाषण एकाच तारेवर पाठवितो. अनेक संगणक एकाच वेळी बोलू लागले, की लाभ दिसतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा न दिल्यास वीज जाताच हा सर्व विन्यास नाहीसा होतो.