शरीराला नावं ठेवू नका!

मैत्रिणींनो, महालक्ष्म्या जवळ आल्या की आपण ट्रंकेतली लग्नातली साडी बाहेर काढतो. काठ तेच, पदर तोच. ब्लाऊज मात्र दंडात शिरत नाही! यंदा आरशापुढं उभी राहून मी पुटपुटले, “काय बाई ध्यान झालंय माझं!” मागं दहा वर्षांची लेक उभी होती. स्वतःच्या पोटाला चिमटा घेत तिनं विचारलं, “आई, मीपण जाड आहे का गं?”

काळजात चर्र झालं. आपण स्वतःला जे बोलतो, ते आपल्या पोरी शिकत असतात.

वर्गात बुद्धांच्या गोष्टी सांगताना मला यावर उत्तर सापडलं. वैशालीची आम्रपाली रूपासाठी गाजलेली. पुढं ती भिक्खुणी झाली. म्हातारपणी केसांपासून पावलांपर्यंत आपलं शरीर कसं बदललं, हे तिनं स्वतःच सांगितलं. ‘थेरीगाथा’ या पाली ग्रंथात ते आहे. त्यात रडगाणं नाही की लाज नाही. बदलणं हा देहाचा धर्मच, एवढंच. खुद्द बुद्ध ऐंशीव्या वर्षी आनंदाला म्हणाले, की माझं शरीर आता पट्ट्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीसारखं झालंय.

‘मग शरीराची काळजी तरी कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. मिलिंद राजानं नागसेन भिक्खूंना असंच काहीसं विचारलं होतं. ते म्हणाले, जखम कुणाला आवडत नाही, तरी आपण तिला मलम लावतोच ना? शरीराचा तोरा नको, पण हेळसांडही नको.

हा विचार आपल्याला परका नाही. लातूरजवळच्या तेरला बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडलेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत बुद्धवंदना होते.

तेव्हा एवढं कराच. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्यापेक्षा पंगतीतच गरम भाकरी खा. रात्री पाच मिनिटं दुखऱ्या पायांना तेल चोळा. पाळीत अचानक फरक पडला, अंगावरून फार जाऊ लागलं, तर ‘वयच झालं’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मुलींदेखत स्वतःला नावं ठेवू नका.

तो ब्लाऊज मी उसवला, दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. लेकीनं सुईत दोरा ओवून दिला. “आई, आता बसतोय की!” म्हणाली.

बसतोय खरा. अंग नाही बदललं, ब्लाऊज बदलला!