पाणी नितळ केव्हां असतें?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुंबई-पुण्याचीं पुष्कळ कुटुंबें आपापल्या गांवीं जातात. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याकडे जाणारीं माणसेंही त्यांत असतात. वारणा आणि तिला मिळणारी मोरणा यांचा हा मुलूख. वारणेवर चांदोलीस धरण झाल्यापासून तेथें ३४ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावणारा वसंतसागर जलाशय पसरला आहे. मोरणेवरही शिराळ्यानजीक धरण आहे. शिवाय मळ्यामळ्यांतून विहिरी आहेतच. गांवीं पोंचलेल्या मुलाचा पहिला हट्ट पाण्यांत सूर मारण्याचा असतो. वडीलधारें माणूस विचारतें, "पाणी कसें आहे रे?" मुलगा सांगतो, "अगदीं स्वच्छ, तळ दिसतो!" एवढ्या उत्तरानें आपलें समाधान व्हावें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, पाणी नितळ असणें म्हणजे प्रकाशास त्यांतून सरळ जातां येणें. निव्वळ शुद्ध पाणीही थोडा प्रकाश गिळतें, आणि त्यांतही तांबडा रंग आधीं गिळतें. म्हणून खोल गेलेल्या पाणबुड्यास आपल्या हाताचें रक्त तांबडें न दिसतां काळपट-हिरवट दिसतें. परंतु तळ्यांतील प्रकाशाचे खरे शत्रु दोन : मातीचे तरंगते कण, आणि डोळ्यांना सुटें न दिसणारें सूक्ष्म शेवाळ. यांच्यावर आपटून प्रकाश दाही दिशांस उधळतो. धुक्यांत मोटारीचे दिवे लावले असतां रस्ता न दिसतां पांढरा पडदाच दिसतो. गढूळ पाण्यांत विजेरी लावणाऱ्या पाणबुड्याचेंही तेंच होतें. अशा पाण्यांत बुडालेल्या माणसाचा शोध हातांनीं चांचपूनच करावा लागतो, आणि त्यांत मोलाचीं मिनिटें जातात.

शिराळ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याची तांबडी माती आहे, आणि खालीं खोऱ्यांत काळी. पावसाळ्यांत दोन्हींची धूप होऊन ती ओढ्यानाल्यांनीं जलाशयांत येते. जाड वाळू तोंडाशींच बसते. परंतु कणाचा व्यास दहापट लहान झाला तर त्याचा खालीं बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. हा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या १८५१ सालच्या संशोधनांतून निघतो. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या जाडीचा कण संथ पाण्यांत एक मीटर उतरण्यास सुमारें पाऊण तास घेतो. त्याच्या दशांश जाडीच्या चिकणमातीच्या कणास तेवढ्याच अंतरास सुमारें तीन दिवस लागतात. म्हणजे वीस मीटर खोल पाण्यांत तळ गांठण्यास दोन महिने! त्यांतून वारा आणि लाटा त्यास पुनः वर उचलीतच असतात. पाऊस ओसरला तरी धरणाचें पाणी लगेच निवळत नाहीं, याचें कारण हें. घरीं आपण गढूळ पाण्यांत तुरटी फिरवितों तेव्हां हेंच काम लवकर उरकून घेतों. एकमेकांस दूर लोटणारे सूक्ष्म कण तुरटीमुळें एकत्र येतात, त्यांचे जड पुंजके होतात, आणि ते खालीं बसतात.

मातीचें पाणी निवळलें कीं शेवाळाची पाळी येते. निवळलेल्या पाण्यांत ऊन खोलवर पोंचतें, आणि शेतांतून वाहून आलेलीं खतें व वस्तीचें सांडपाणी यांवर शेवाळ पोसतें. कोल्हापूरच्या रंकाळ्याचें पाणी हिरवें झालेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. उन्हाळ्यांत आणखी एक प्रकार घडतो. वरचें पाणी तापून हलकें होतें व खालच्या थंड पाण्यावर, दुधावर साय असावी तसें, राहतें. बुडी मारणारास कांहीं मीटरांवर एकाएकीं गारठा जाणवतो, आणि त्या सांध्यावर नजर धूसर होते. वर हिरवें व खालीं स्वच्छ, किंवा वर नितळ व खालीं अंधुक, असें एकाच तळ्यांत एकाच वेळीं असूं शकतें. थंडींत वरचें पाणी गार होऊन खालीं जातें, सारा साठा ढवळला जातो, आणि तळचें सत्त्व वर येऊन शेवाळास नवें खाद्य मिळतें. मे महिन्यांत पाणी उतरून गाळाचा कांठ उघडा पडला, कीं लाटांच्या माऱ्यानें कडेचें पाणी पुनः गढूळ होतें.

हा नितळपणा मोजतां येतो, आणि त्याचें साधन कोणाही घरीं करतां येण्याजोगें आहे. रोमचे ज्योतिषी फादर आंजेलो सेक्की यांनीं १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत पांढरी तबकडी दोरीनें सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें पाहिलें. पुढें १८९९ सालीं अमेरिकेंतील व्हिपल यांनीं तिच्यावर काळे-पांढरे चतकोर आंखले. आज तळ्यांसाठीं वीस सेंटिमीटर व्यासाची अशीच तबकडी वापरतात. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरावर गांठी माराव्या, आणि दरमहा एकाच जागीं दुपारच्या वेळीं माप घेऊन वहींत टिपावें. वर्षभराची ती वही म्हणजे तळ्याची नाडीपरीक्षाच होय.

आतां नितळ पाण्याची दुसरी बाजू. गढूळ पाणी लपवितें, पण नितळ पाणी फसवितें. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाश वांकतो. म्हणून वरून सरळ खालीं पाहणारास चार मीटर खोल पाणी तीनच मीटर वाटतें, आणि तिरपें पाहिल्यास त्याहूनही उथळ. कमरेएवढें वाटलेलें पाणी छातीपर्यंत निघतें तें यामुळें. कांठावरून भाल्यानें मासा मारणारास मासा असतो त्याहून वर दिसतो. जाणता मनुष्य म्हणून दिसणाऱ्या माशाच्या खालीं नेम धरतो. कांचेचा मुखवटा लावून पाण्यांतच बुडी मारली तर फसवणूक निराळी : तेथें मासा सुमारें एकतृतीयांशानें मोठा आणि पाव अंतरानें जवळ भासतो, व नवख्याचा भाला तोकडा पडतो. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत मात्र शिकारीस कायद्यानें बंदी आहे, हें येथेंच सांगून ठेवतों.

आणि नितळ पाणी नेहमीं निरोगीच असतें, असेंही नाहीं. उत्तर अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरांत १८८८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९८८ सालीं, जहाजांच्या पाण्यांतून आलेला एक परका शिंपला आढळला. तो व त्याचा भाऊबंद महासरोवरांत पसरले. ते पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म शेवाळ खातात. पाणी पूर्वीपेक्षां स्वच्छ झालें, आणि बुडालेलीं जहाजें पाहणारे पाणबुडे खूष झाले. पण तेंच शेवाळ हा लहान जलचरांचा, आणि त्यांच्याद्वारें माशांचा, घांस होता. पाणी उजळलें आणि माशांचें ताट रिकामें होऊं लागलें.

तेव्हां गांवीं गेलेल्या मुलास "तळ दिसतो काय?" एवढेंच विचारूं नये. आज दोरी सोडून खोली पाहिली काय? पायांकडून उतरून कोणी तळ चांचपला काय? गेल्या पावसाळ्यांत तेथें नवा गाळ, दगड किंवा झाडाचा ओंडका आला काय? हे प्रश्न विचारावे, आणि त्यांचीं उत्तरें मिळाल्याशिवाय डोक्याकडून सूर मारूं देऊं नये. तळें तेंच असतें, पण त्यांतलें पाणी दर महिन्यास निराळें असतें. तें ओळखून उतरणारा मुलगा सुटीचा आनंद लुटून सुखरूप घरीं येतो.