फोनवरच्या बैठकीची शिस्त

पवारांच्या काळापासून धार-देवासला रुजलेल्या अनेक मराठी घरांसारखं आमचं घरही आता पांगलं आहे. आत्या राजगडला, काका देवासला, दादा पुण्यात, भाची न्यू जर्सीत. धारच्या जुन्या वाड्याचं काय ते फोनवरच ठरतं. आत्याकडे बटणांचा साधा फोन असल्यामुळे चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज.

वाड्याच्या छपराविषयीच्या बैठकीला मी राजगडजवळच्या मोहनखेड्याहून हजर होतो. या जैन तीर्थाच्या आवारात घंटा, भोजनशाळेतली ताटं, यात्रेकरूंच्या बसगाड्या. म्हणून धर्मशाळेच्या खोलीत येऊन खिडकी लावली, पंखा बंद केला आणि पाच मिनिटं आधीच फोन जोडला.

वेळ भारतीय घड्याळाने कळवली होती, सोबत न्यू जर्सीचीही. इथे रविवारी सकाळचे साडेसात म्हणजे तिथे शनिवारची रात्र, उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ. वार आणि वेळ दोन्ही लिहून पाठवावेत.

सुरुवातीलाच प्रत्येकाने नाव आणि गाव सांगितलं. पुढेही बोलण्याआधी 'पुण्याहून बोलतोय' एवढं म्हटलं की आत्याला आवाज ओळखत बसावं लागत नाही. बोलत नसलेल्यांनी फोन म्यूट केला. मध्येच दुसरा फोन आला तर तो घेऊ नये. कॉल होल्डवर जातो आणि त्याची धून सगळ्यांच्या कानी पडू शकते.

थोड्या वेळाने काकांना स्वतःचेच शब्द परत ऐकू येऊ लागले. अशा वेळी दोष सहसा ऐकणाऱ्याच्या फोनचा नसतो. दुसऱ्या कुणाच्या स्पीकरमधला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि ज्याच्या फोनमुळे हे घडतं, त्याला पत्ताही नसतो. एकेकाने म्यूट करून पाहिलं. दादाने स्पीकर बंद करून फोन कानाला लावताच घुमणं थांबलं.

काकांनी गवंड्याचा अंदाज सांगितला: साठ हजार. आत्याने ऐकलं सात हजार. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, व्यंजनांतले बारीक फरक त्यात पुसट होतात. म्हणून रक्कम आकड्या-आकड्याने सांगावी: सहा, शून्य, हजार.

सगळ्यात जपायची गोष्ट शेवटी येते. 'सगळ्यांना मान्य ना?' असं विचारलं की शांतता पसरते आणि तिलाच होकार समजलं जातं. खरं तर कुणी म्यूटवर असतं, कुणाची लाइन तुटलेली असते, कुणाला ऐकूच आलेलं नसतं. काकांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं, सर्वांत आधी आत्याला. तिने कामाची तारीख पुन्हा विचारली, मगच हो म्हणाली. ठरलेलं सगळं काकांनी वाचून दाखवलं आणि कॉल संपला.

तुमच्या घरची अशी बैठक असेल, तर जिची लाइन सर्वांत कमजोर तिच्या सोयीने ती चालवा, आणि तिचा होकार कानांनी ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.