आयएनआर वाढला म्हणजे रक्त पातळ झालं का?

समजा, भिवपुरी रोडहून सकाळची लोकल पकडून तुम्ही बाबांना मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन चाललाय. बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, पोटात पाणी झालंय. मोबाईलवर रिपोर्ट येतो : आयएनआर १.९. घरचे घाबरतात, "रक्त पातळ झालंय, पोटात सुई नको!" हे खरं आहे का?

आधी टेस्ट समजून घेऊ. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. मग लॅबमध्ये त्यातला प्लाझ्मा वेगळा करून त्यात कॅल्शियम आणि थ्रोम्बोप्लास्टिन घालतात आणि गोठायला लागणारे सेकंद मोजतात. ही झाली पीटी. नॉर्मल साधारण ११ ते १३ सेकंद. प्रत्येक लॅबचे सेकंद थोडे वेगळे येतात, म्हणून आयएनआर हे समान माप आलं. पण ते ठरवलं गेलं वॉरफेरिन घेणाऱ्या पेशंटसाठी, लिव्हरच्या पेशंटसाठी नाही.

आता आपल्या कर्जतचंच उदाहरण घ्या. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, आणि उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. रक्ताचंही तसंच. गोठवणारे फॅक्टर म्हणजे इंजिन. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन म्हणजे ब्रेक. दोन्ही मुख्यतः लिव्हरच बनवतं. लिव्हर थकलं की दोन्ही कमी होतात. पीटी मात्र फक्त इंजिन बघते, ब्रेक तिला दिसतच नाही!

म्हणून आयएनआर वाढलेला असतानाही लिव्हरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. "रक्त पातळ आहे, गुठळी होणारच नाही" हा गैरसमज. आणि पोटातलं पाणी काढण्याआधी केवळ हा आकडा सुधारायला प्लाझ्मा चढवायची सहसा गरज नसते. उलट जास्तीच्या प्लाझ्माने शिरांमधला दाब वाढतो.

मग आकडा निरुपयोगी का? अजिबात नाही. लिव्हर किती काम करतंय, ते तो सांगतो. ट्रान्सप्लांटची निकड ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्येही तो धरतात. कावीळ असेल तर व्हिटॅमिन के कमी पडल्यामुळेही तो वाढतो; तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देऊन बघतात.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर लोकलची वाट बघू नका, थेट १०८ लावा. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा, "हा आकडा लिव्हरबद्दल काय सांगतोय?"

भेटू पुढच्या भागात!